शिवेवरची पैज

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मुंबईतल्या शीवच्या किल्ल्यावर दोन पोरांच्या पैजेत मी चुकीच्या पोराला जिंकवलं. वर तटापाशी उभा होतो, ऑक्टोबरचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला, खालून हायवेचा तो कधीच न थांबणारा आवाज, आणि मागून चपला फटफटवत दोघं आले, असतील दहा-अकरा वर्षांचे. एकाच्या अंगात निळी क्रिकेटची जर्सी, जरा गुबगुबीत, बोलायला पुढे. दुसरा काटकुळा, सुट्टीच्या दिवशीही शाळेचीच हाफपँट, आणि एका चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून तिथे सेफ्टी पिन. जर्सीवाला म्हणाला, "काका, एक सांगा ना, हा किल्ला शिवाजी महाराजांचाच आहे ना?" काटकुळा लगेच, "नाय ओ काका, इंग्रजांचा आहे, आमच्या सरांनी सांगितलंय." दहा रुपयांची लागली होती. काका सांगतील ते फायनल, असं दोघांचं ठरलेलं. आणि मी काही विचार करायच्या आधीच माझ्या तोंडातून निघून गेलं, "महाराजांचाच की. दुसऱ्या कुणाचा असणार?"

जर्सीवाल्याने दोन्ही हात वर करून उडी मारली आणि महाराजांचा जयजयकार केला, तटावर बसलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी वळून पाहिलं, दोघातिघांनी उत्साहाने साथ पण दिली. काटकुळ्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग खिशात हात घातला, बराच वेळ आत चाचपला, आणि दहाचं नाणं काढून जर्सीवाल्याच्या हातावर ठेवलं. सर म्हणालेत, पुस्तकात आहे, असलं काहीही परत बोलला नाही.

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

खरं काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं तीसेक वर्षांपासून माहीत आहे. किल्ला इंग्रजांनीच बांधला, ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर इथे होता त्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान. काटकुळा शंभर टक्के बरोबर होता. पण त्या क्षणी जे वाक्य माझ्या तोंडातून गेलं ते माझं नव्हतंच, ते जसंच्या तसं माझ्या बाबांचं होतं, फक्त ते "असनार" म्हणायचे. आणि हे मला पायऱ्या उतरताना अर्ध्या वाटेत कळलं, तेव्हा मागे वळून वर बघितलं तर पोरं कुठेच दिसली नाहीत.

ज्यांनी हा किल्ला बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पण मला सांगायचंय म्हणून सांगतो. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं इथे फार काही नाही. एक लहानशी टेकडी, खाली महापालिकेच्या बागेसारखी बाग, नेहरूंच्या नावाची, आणि बागेतूनच वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला दम लागायच्या आत वर पोचल्यासारखं होतं. पण पहाटे साडेपाचला या पायऱ्यांवर या. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजी एकेक पायरी मोजत चढतात, मधल्या वळणावर थांबून पदराने गळा पुसतात. खाली बाकांवर हात वर करून मोठमोठ्याने हसणारा हास्यक्लब, त्यांच्या बाजूला तमिळ काकांचं टोळकं पेपरची पानं वाटून घेऊन वाचत बसलेलं. नऊच्या सुमाराला अभ्यासाची पोरं येतात, घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, मग स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन तटाच्या सावलीत दिवसभर. दुपारी जोडपी. आणि अधूनमधून एखादं माणूस हातात कॅरीबॅग घेऊन नुसतंच बसलेलं दिसतं, चेहऱ्यावरून कळतं की पेशंट ॲडमिट आहे आणि भेटायची वेळ अजून व्हायचीय. त्या माणसाला कुणी काही विचारत नाही, बाकावर सरकून जागा मात्र देतात.

वर गेलं की छप्पर उडालेल्या खोल्या, कोनाडे, खिडक्यांची रिकामी भोकं. काळा दगड पावसाळ्यात हिरवा असतो, ऑक्टोबरात तो हिरवा रंग वाळून तपकिरी पापुद्र्यासारखा निघायला लागतो आणि त्याला ओल्या गोणपाटाचा वास येतो. भिंतींतून पिंपळ फुटलेत, त्यांची मुळं सांध्यांत अशी शिरलीत की आता भिंतीने झाड धरलंय की झाडाने भिंत हे सांगता येत नाही. दगडांवर नावं, बदाम, तारखा. त्याबद्दल मला राग येतो, प्रत्येक वेळी येतो, आणि तरी मी ती सगळी वाचतो. खिडकीतून पूर्वेला बघितलं की मिठागरांची चौकोनी ताटं, त्यापलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर आणि रिफायनरीच्या चिमण्या. डोक्यावरून विमानं सांताक्रूझकडे उतरत असतात, इतकी खाली की पोटावरची अक्षरं वाचता येतील. आणि पश्चिमेला रेल्वे. स्लो लोकल शीवला थांबताना ब्रेकचा जो लांबलचक किंचाळता आवाज होतो तो वर स्पष्ट येतो, आणि मला अजूनही त्या आवाजाने भूक लागते कारण लहानपणी तो आवाज म्हणजे बाबांची ट्रेन आली असायची.

आम्ही कोळीवाड्याच्या बाजूला भाड्याने राहायचो. सायन कोळीवाडा. बोलताना सगळे सायनच म्हणतात, आम्ही पोरंही सायनच म्हणायचो, फक्त बाबा शेवटपर्यंत शीव म्हणायचे. नुसतं स्टेशनच्या पाटीवर मराठीत शीव लिहिलंय म्हणून नाही. त्यांच्यासाठी तो शब्द पाटीवरचा नव्हताच, तोंडातला होता. गावाची शीव, म्हणजे जिथे आपलं शिवार संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं ती रेघ. शिवेवर म्हसोबा असतो, शिवेवर नारळ फोडतात, शिवेवरून भांडणं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चालतात. नवरदेव वाजतगाजत आला की त्याला शिवेवर थांबवून पूजा करायची आणि मगच गावात घ्यायचं, ते सीमांतपूजन. आमच्या ताईच्या लग्नात ते हॉलच्या पार्किंगमध्ये झालं, दोन रिक्षांच्या मधे, आणि बाबा कुणाला तरी हळूच म्हणत होते, शीवच न्हाई तर पूजा कशाची करायची. काही लोक सांगतात की सायन हे नाव पाद्र्यांनी झायन डोंगरावरून ठेवलं. असेलही लोकांचं म्हणणं. मला मात्र शीव हेच पटतं, कारण इथे खरोखरच शीव होती. परळच्या बेटाचं उत्तर टोक हे. इथपर्यंत इंग्रजांची मुंबई, मधे खाडी आणि चिखल, आणि पलीकडे कुर्ल्यापासून साष्टीचं बेट, जे तेव्हा पोर्तुगीजांचं होतं.

१६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण गेली आणि १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, हे आपण शाळेत घोकलेलंच आहे. पण आंदण गेलं त्याची शीव नेमकी कुठे, यावरून दोघांची धुसफूस चालू राहिली, आणि म्हणून ही टेकडी. इथून खाडीवर नजर ठेवायची. याच ऑन्जियरने १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आपला वकील रायगडावर पाठवला होता, हेन्री ऑक्झेंडन, नजराणे घेऊन. म्हणजे रायगडावर महाराजांच्या डोक्यावर छत्र धरलं जात होतं त्याच वर्षांत इकडे हे काळे दगड एकावर एक बसत होते. किल्ला महाराजांचा नाही, पण त्यांच्या हयातीतला आहे, आणि बांधणारा माणूस त्यांच्याशी पत्रं लिहून, माणसं पाठवून बोलत होता. हे मला कळलं तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. कॉलेजला असताना लायब्ररीत मुंबईच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक हाताला लागलं, पानं पिवळी, चाळताना नाकात धूळ जायची, आणि त्यात मी आधी आपला किल्ला शोधला, म्हणजे आपल्या घराजवळचा. तेव्हा पहिल्यांदा कळलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. ते आपल्याला पाठ असतं, वसईचा वेढा, घंटा, सगळं. पण त्याचा दुसरा अर्थ कधी कुणी सांगितला नव्हता, की त्यानंतर खाडीच्या पलीकडे पोर्तुगीज राहिले नाहीत, आपण आलो. या किल्ल्यावरचे शिपाई आता आपल्याकडे बघायला लागले. धारावीतला काळा किल्ला आहे ना, त्याच्यावर दगडी पाटी आहे, गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने बांधला, १७३७. साल नीट वाचा. ठाणं पडलं तेच साल. इंग्रजांनी पुढे कॅप्टन इंचबर्डला वसईला पाठवून चिमाजी अप्पांशी तह केला, पण तोफा काही उतरवल्या नसणार. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे सदतीसेक वर्षं कुर्ल्याला मराठे आणि शीवला इंग्रज. ज्या अंतराला आज एका स्टेशनचं अंतर म्हणतात.

मी पुस्तक मिटलं आणि लायब्ररीत तसाच बसून राहिलो. वाईट वाटलं, राग आला, आणि फसवलं गेल्यासारखंही वाटलं. लहानपणी ज्या तटावर लाकडाची तलवार घेऊन मी मावळा झालो होतो तो तट मावळ्यांना अडवायला राखलेला होता. आणि लगेच मनात आलं, हे बाबांना सांगायला नको.

बाबा पाटण तालुक्यातले. दातेगडाच्या पायथ्याशी गुरं राखत वाढलेले. त्या गडावर तलवारीच्या आकाराची विहीर आहे, दरवाज्यापाशी कातळात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत, आणि बाबा सांगायचे की उन्हाळ्यात त्या विहिरीच्या पायऱ्या उतरून गेलं की अंगावर काटा यायचा इतकं गार. त्यांच्या डोक्यात किल्ला ही गोष्टच मुळी एका माणसाची. जसा पाऊस वरून पडतो तसा किल्ला महाराजांचा असतो, त्यात विचारायचं काय. मुंबईला आले, परळला एका मिलमध्ये साच्यावर लागले, शीवला खोली घेतली आणि खिडकीतून टेकडीवर तटबंदी दिसली तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल हे मी कल्पनेने समजू शकतो. परक्या गावात ओळखीचं माणूस दिसावं तसं. रविवारी ते आम्हाला वर घेऊन जायचे, चप्पल पहिल्या पायरीपाशी काढून, पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचे, मग चप्पल परत घालून चढायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना विचारलं होतं, बाबा हा किल्ला कुणाचा. "म्हाराजांचाच की. दुसऱ्या कुणाचा असनार?" दिवाळीला आम्ही चाळीत मातीचा किल्ला करायचो, सगळी पोरं प्रतापगड नाहीतर सिंहगड करायची, मी एकटा शीवचा करायचो. अळीव पेरून, वरती सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर चिकणमातीचे मावळे, आणि खाली आरशाच्या तुकड्याची खाडी. बाबा मिलमधून आल्यावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, झकास.

१८ जानेवारी १९८२. ज्यांच्या घरात ही तारीख आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. गिरण्यांचा संप, अडीच लाख कामगार, आणि आमच्या घरात त्यातला एक. सुरुवातीला सगळं जोरात होतं, सभा, मोर्चे, बाबा घसा बसलेला घेऊन यायचे आणि हसायचे. मग पावसाळा आला, मग दिवाळी, मग परत जानेवारी. आईने काचेच्या बांगड्या सोडून हातातलं सगळं मोडलं. गावाहून तांदूळ, नाचणी येत होती म्हणून चाललं. बाबा रोज सकाळी आठला डबा घेऊन निघायचे, काम बघायला जातो म्हणून, आणि संध्याकाळी सहाला परत. काय झालं, असं आई विचारायची नाही. डबा घासताना तिचा आवाज जरा मोठा यायचा एवढंच.

एके दिवशी शाळा लवकर सुटली, का ते आता आठवत नाही, आणि मी घरी न जाता किल्ल्यावर गेलो. तेव्हा खाली बाग कशी होती तेही नीट आठवत नाही, पायऱ्या तेवढ्या लख्ख आठवतात, आणि रणरणतं ऊन. वळण घेतलं आणि पुढे पायरीवर बाबा बसले होते. मांडीवर डबा, उघडलेला, पण खाल्लेला नाही. समोर बघत होते, पश्चिमेला, रेल्वेकडे. एक ट्रेन गेली ती पूर्ण जाईपर्यंत त्यांनी बघितली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटलं आता शाळेचं विचारतील. त्यांना बहुतेक वाटलं असेल मी कामाचं विचारीन. दोघांनीही काही विचारलं नाही. त्यांनी पायरीवर हात थोपटला, मी बसलो, त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर दिली, त्यावर लसणाची चटणी. दगड इतका तापला होता की चड्डीतून चटके बसत होते. आम्ही जेवलो. एक भुरं कुत्रं येऊन बसलं, त्याला शेवटचा तुकडा. मग ते म्हणाले, "जा घरी. मी येतो मागनं." आणि मी गेलो, आणि ते रोजच्यासारखे सहाला आले. आईला मी सांगितलं नाही. आज आई ऐंशीच्या पुढे आहे, अजूनही सांगितलेलं नाही, पण मला वाटतं तिला तेव्हाही माहीत होतं.

पुढे चेंबूरला एका बिल्डिंगमध्ये त्यांना वॉचमनची नोकरी लागली आणि वीस वर्षं त्यांनी ती केली. रोज शीवेवरून पलीकडे जायचे आणि परत यायचे, पण मिलचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे. त्या दिवसांत ते पुन्हा किल्ल्यावर चढले का मला माहीत नाही. विचारता आलं नाही. आणि पुस्तकातलं ते सगळं, साष्टी, ऑन्जियर, तोफा कुणाकडे तोंड करून होत्या, हे तर त्यांच्यासमोर माझ्या ओठांवरसुद्धा आलं नाही. नोकरी गेलेल्या माणसाने जिथे महिनोन्‌महिने दुपारी बसून काढल्या, ती जागा महाराजांची आहे या भरवशावर काढल्या असतील, तर मी कोण तिथला भरवसा काढून घेणारा. असं मी स्वतःला सांगत आलो. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी किल्ला महाराजांचाच होता.

त्यामुळे त्या रविवारी मी दोन पोरांसमोर बाबांची बाजू घेतली, आणि घेतली ते ठीक, पण त्याचे दहा रुपये त्या काटकुळ्याने भरले. हे पचत नव्हतं. लोकलमध्ये उभा असताना, ऑफिसात, रात्री पंख्याकडे बघत पडल्यावर, सारखा तो खिशात चाचपणारा हात दिसायचा. त्याच्या सरांनी वर्गात उभं राहून त्याला खरं सांगितलं असेल, याने लक्षात ठेवलं असेल, मोठ्या विश्वासाने पैज लावली असेल. आणि पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्यातल्या, मराठीत बोलणाऱ्या काकांनी सांगितलं की तुझं चूक. आता तो सरांवर विश्वास ठेवील की नाही? माझ्या मते हे लहान नाही. आपल्याकडे इतिहासावरून मोठी माणसं एवढ्या मोठ्या आवाजात बोलतात की लहान पोराने हळू आवाजात खरं सांगितलेलं ऐकूच येत नाही, आणि त्या दिवशी तो मोठा आवाज माझा होता.

पुढच्या रविवारी गेलो, पोरं नव्हती. त्यापुढच्या रविवारीही नव्हती. स्टेशनकडून जाताना जुना ब्रिज बंद, १९१२ चा होता तो, २०२४ च्या ऑगस्टपासून बंद केलाय, त्यामुळे लांबून वळसा, घामाने निथळत वर चढायचं आणि तासभर बसून उतरायचं. पण या दोन खेपांमध्ये मी किल्ला जरा वेगळा बघितला. एक सरदारजी आजोबा रोज वरपर्यंत येतात हे लक्षात आलं, पांढरी पगडी, हातात काठी. जीटीबी नगरला राहत असणार, फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या लष्करी बराकींत राहिली, त्यातले. आम्ही दोघं एकाच खिडकीपाशी उभे होतो तेव्हा ते मिठागरांकडे बोट करून म्हणाले, पहले सब पानी था. मी म्हटलं हो. त्यांच्या घरच्यांनी ओलांडली ती शीव केवढी मोठी, आणि शेवटी येऊन राहिले ते शिवेच्याच पायथ्याला. त्यांना काही विचारावं असं फार वाटलं, पण ते डोळे मिटून वारा घेत होते, त्या वाऱ्याला खाडीचा खारट कुजकट वास होता, आणि मी गप्प उभा राहिलो.

काल संध्याकाळी पोरं भेटली. शाळेला दिवाळीची सुट्टी लागलीय, आणि ती पायऱ्यांच्या वळणाजवळची लाल माती प्लास्टिकच्या पिशवीत भरत होती. किल्ल्यासाठी किल्ल्यावरची माती. मी आधी काटकुळ्याला बाजूला बोलावलं. म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतास. हा किल्ला इंग्रजांनीच बांधला. मी चुकीचं सांगितलं.

"मला म्हाईत होतं," तो म्हणाला. रागाने नाही, साधं. मी खिशातून दहाची नोट काढली तर त्याने हात मागे घेतले. "मला नको. तुम्ही त्याला सांगा." आणि मला सोबत घेऊन जर्सीवाल्यासमोर उभं केलं, अक्षरशः शर्टाचं टोक धरून.

मग मी सांगितलं. पायरीवर बसून, दोघं समोर उभे. इंग्रज, पोर्तुगीज, खाडी, मग चिमाजी अप्पा, वसई, ठाणं. आयुष्यात पहिल्यांदा हे मी मोठ्याने बोलत होतो आणि तेही नेमका त्या जागेवर, घसा कोरडा पडला होता. जर्सीवाल्याचा चेहरा उतरत गेला. वसई जिंकली तिथे जरा खुलला, मग परत उतरला. शेवटी काटकुळ्याकडे बघून म्हणाला, "पण पैसे संपले. पेप्सी घेतलेली." काटकुळा म्हणाला, "अर्धी मी पण खाल्ली होती." तो हिशोब तिथेच मिटला, त्यात माझी गरज लागली नाही.

पण जर्सीवाला हलेना. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हणजे आपले लोक कुठे होते?" मी उत्तरेला हात केला, कुर्ल्याकडे. झाडांच्या शेंड्यांवरून ब्रिज, टॉवर, धूर, त्यावर मावळतीचा लाल उजेड. तो टाचा उंचावून बराच वेळ बघत राहिला.

"मग ते आले का इथे वर?"

"तेव्हा नाही आले," मी म्हटलं. "नंतर आले."

"कधी?"

"माझे बाबा आले. साताऱ्याकडचे होते. मिल बंद पडली तेव्हा रोज यायचे, इथे पायरीवर बसून डबा खायचे."

जर्सीवाल्याला यात फार काही वाटलं नाही, तो माती भरायला वळला. काटकुळा तिथेच थांबला. "कुठली पायरी?" त्याने विचारलं. मी उठून बाजूला झालो आणि दाखवली, वळणानंतरची तिसरी. मधे जरा झिजून खोलगट झालीय. तो जाऊन तीवर बसला, पाय लांब केले, आणि समोर बघायला लागला. खालून शीवला थांबणाऱ्या लोकलचा ब्रेक लागला.